मॅथ्यू मरेचा काटकोन

स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्ये प्रश्न ठरलेला: रेल्वे इंजिनाचा शोध कोणी लावला? उत्तर जॉर्ज स्टीफन्सन, की गुण पदरात. शोध म्हणजे एकाच महापुरुषाची किमया, ही अंधश्रद्धा आपण अशी घोकून घेतो. स्टीफन्सनचे पहिले इंजिन १८१४ मध्ये धावले, तेव्हा इंग्लंडमधल्या लीड्स गावी मिडल्टन खाणीचा कोळसा दोन वर्षे वाफेवरच वाहिला जात होता.

त्याआधी १८०४ मध्ये वेल्समध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिक या अभियंत्याचे इंजिन चालले खरे, पण त्याच्या भाराने बिडाचे रूळ तडकले. इंजिन हलके करावे, तर चाके जागीच गरगरण्याची भीती. इकडे नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे दाणावैरण महागलेली, घोडे परवडेनात. खाणीचा कारभारी जॉन ब्लेंकिन्सॉप याने रुळाच्या कडेलाच दाते ओतवले आणि त्यांत अडकणाऱ्या दातेरी चाकाचे इंजिन मॅथ्यू मरे या अभियंत्याकडून त्याच्या राउंड फाउंड्री या कारखान्यात बांधून घेतले. वजन जेमतेम पाच टन.

दात्यांचे कौतुक सगळेच करतात. मला भुरळ पडते ती मरेच्या दोन सिलिंडरांची. पायाने चालवायचे शिलाई मशीन कधीकधी अडते. पायडल कितीही दाबा, चाकाला हात लावल्याशिवाय ते हलत नाही. ट्रेव्हिथिकच्या एका सिलिंडरचे तेच व्हायचे. सिलिंडरात मागेपुढे सरकणारा दट्ट्या (पिस्टन) टोकाला पोचला की त्याचा दाब थेट आसाच्या रोखाने जातो, फिरवणारा जोर शून्य. तेवढा क्षण निभावायला त्याने अवजड गतिचक्र बसवले होते. मरेने दोन सिलिंडर घेतले आणि त्यांच्या क्रँक (दट्ट्याच्या सरकण्याने चाक फिरवणाऱ्या भुजा) एकमेकींशी काटकोनात ठेवल्या. एक शून्यावर असते तेव्हा दुसरी ऐन भरात. जोर ढोबळमानाने क्रँकच्या कोनाच्या साइनप्रमाणे बदलतो. एका सिलिंडरचा कमाल जोर १ मानला, तर तो ० आणि १ यांत हेलकावतो. दोघांची बेरीज म्हणजे साइन अधिक कोसाइन (चिन्हे सोडून), ती १ च्या खाली उतरत नाही आणि १.४१ च्या वर चढत नाही. गतिचक्राची गरजच संपली.

दाते मात्र सपाटीवर टिकले नाहीत. गुळगुळीत चाकांचे घर्षणही पुरते, हे विल्यम हेडली या दुसऱ्या इंग्रज इंजिनकाराने लवकरच दाखवले. निलगिरीसारख्या खड्या चढांवर दातेरी रूळ आजही लागतात.

मरेच्या हाताखाली शिकलेल्या चार्ल्स टॉडने पुढे जेम्स किटसनबरोबर लीड्समध्येच इंजिनांचा कारखाना काढला. टॉड लवकर बाहेर पडला, किटसनचा कारखाना वाढत गेला. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयामुळे आपल्याला ठाऊक असलेली १८५५ ची ‘फेअरी क्वीन’ त्याच किटसनच्या कारखान्यातली.