खंड परिक्रमा (नर्मदा)

खंड परिक्रमा : नर्मदेची पायी प्रदक्षिणा सलग न करता सवडीप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी पुरी करण्याची पद्धत. घरदार, नोकरी आणि दुकान सोडून महिनोन् महिने बाहेर राहणे ज्यांना जमत नाही, त्यांची ही परिक्रमा. इंदूरच्या मराठी मंडळींना ती विशेष सोयीची, कारण शनिवारी पहाटे सरवटे बसस्थानकावरून ओंकारेश्वरची गाडी धरली की उन्हे चढण्याच्या आत किनाऱ्याला पाय लागतात.

नर्मदा अमरकंटकला सुमारे १,०५७ मी. उंचीवर उगम पावते. विंध्य आणि सातपुडा यांमधल्या खचदरीतून १,३१२ कि.मी. पश्चिमेला वाहून ती भरूचच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. दोन्ही तीर मिळून अंतर २,६०० कि.मी.च्या घरात जाते. प्रत्यक्षात पायाखालून जास्तच जाते, कारण वाट जागोजाग तीर सोडून आत वळते. परंपरेने या परिक्रमेला ३ वर्षे, ३ महिने, १३ दिवस लागतात. आज सलग चालणारे बहुतेक जण काही महिन्यांत ती उरकतात. नियम मोजके, पण पक्के आहेत : नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचे नाही, आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे चातुर्मासात, एका जागी थांबायचे. आरंभ कोठूनही करता येतो. माळव्यातले लोक बहुधा ओंकारेश्वरहून करतात. दक्षिण तीराच्या घाटावर संकल्प सोडायचा, छोट्या कुपीत नर्मदाजल भरून घ्यायचे आणि निघायचे. मांधाता बेटावरचे ओंकारेश्वराचे देऊळ समोर दिसत असते, पण ते बेट पात्राच्या मध्ये असल्यामुळे तिथे जायचे ते परिक्रमा संपल्यावरच, कुपीतले पाणी वाहायला.

खंड परिक्रमेत यांतला पात्र न ओलांडण्याचा नियमच अडचणीत येतो. इंदूर उत्तर तीराच्या बाजूला आहे, आणि चालायला सुरुवात होते दक्षिण तीरावर. रविवारी संध्याकाळी घरी परतायचे तर मोरटक्का, मंडलेश्वर-कसरावद किंवा खलघाट यांपैकी एक पूल ओलांडावाच लागतो. कर्मठ मंडळींच्या मते तिथेच परिक्रमा खंडित झाली. इतरांचे म्हणणे असे की ओलांडू नये तो चालताना. गाडीत बसल्यावर तुम्ही परिक्रमावासी नसताच. काही जण प्रत्येक टप्प्याला नव्याने छोटा संकल्प सोडतात आणि निघण्यापूर्वी तो पुरा करतात. काही जण कुपी घरच्या देवघरात ठेवून पुढच्या वेळी सोबत नेतात. या वादाचा निकाल लावणारे पीठ नाही आणि नदीने आजवर कुणाला हटकलेले नाही. दोन गोष्टींवर मात्र सर्वांचे एकमत आहे : जिथे थांबलो तिथूनच पुन्हा उचलायचे, आणि क्रम उलटायचा नाही. मुक्कामाच्या आश्रमात किंवा पंचायतीत वहीवर शिक्का घेतात, तो यासाठीही उपयोगी पडतो.

लांबच्या वाटा तुकड्यांनी चालण्याची रीत इतरत्रही आहे. अमेरिकेतली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत वाळवंट आणि बर्फाळ पर्वतांतून जाणारी सुमारे ४,२६५ कि.मी.ची वाट अनेक जण अशीच वर्षानुवर्षे पुरी करतात. तिथे हवामान पाहून मधलाच टप्पा आधी केला तरी बिघडत नाही. नर्मदेवर ती मुभा नाही, आणि खंड परिक्रमेचे सगळे गणित यावर फिरते. चालणे फारसे अवघड नसते. अवघड असते ते एका शनिवारी नेमक्या त्याच गावात परत पोहोचणे, जिथून मागच्या रविवारी निघालो होतो.

सुरुवातीचा निमाड, म्हणजे ओंकारेश्वरपासून बडवानीकडे जाणारा नर्मदाकाठचा प्रदेश, हा या दृष्टीने लाडका टप्पा. दिवसाला वीस-पंचवीस कि.मी. पडतात, पाठीवरचे ओझे थोडे, आणि घरी परतायला संध्याकाळची बस हमखास मिळते. ओंकारेश्वरहून मोरटक्का, पुढे बाणलिंगे (नर्मदेतल्या दगडांची शिवलिंगे) घडवणारे बकावा, मग रावेरखेडी. येथे २८ एप्रिल १७४० रोजी थोरला बाजीराव वारला. त्याची समाधी किनाऱ्यावरच आहे आणि मराठी परिक्रमावासी तिथे थांबल्याशिवाय सहसा पुढे जात नाहीत. याच भागातल्या बेडियाला मिरचीचा मोठा बाजार भरतो. हिवाळ्यात वाटेच्या दोन्ही बाजूंना वावरभर लाल मिरची वाळत घातलेली असते. वारा फिरला की चालणाऱ्यांचा अख्खा जथा ठसकत पुढे सरकतो. काळी माती ओली असेल तर चपलेच्या तळाला थर धरते आणि दर शंभर पावलांवर काठीने खरवडावी लागते. नवख्यांनी आणलेले महागडे बूट इथेच पिशवीत जातात. भट्याणचे सियाराम बाबा डिसेंबर २०२४ मध्ये निवर्तले. आल्या-गेल्याला चहा द्यायचा आणि देणगी दहा रुपयांच्या वर घ्यायची नाही, ही त्यांची ख्याती. पुढे महेश्वरच्या समोर नावडातोली लागते. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५०च्या दशकात येथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. समोर अहिल्याबाईंचा घाट दिसतो, पण जायचे नाही. तो येईल परतीच्या तीरावर, काही वर्षांनी.

बडवानीला इंदुरी गट गळू लागतात. राजघाट सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाला आहे, आणि पुढे शूलपाणीची झाडी, म्हणजे डोंगराळ जंगल, सुरू होते. तीरावरची जुनी वाट पाण्याखाली गेल्यामुळे पाटी, बोकराटा करत डोंगरातून महाराष्ट्रात उतरावे लागते आणि धडगाव परिसरातून गुजरातेत गोरा गावाकडे निघावे लागते. मूळ शूलपाणेश्वराचे देऊळ जलाशयात गेले असून गोऱ्याला नवे बांधले आहे. परिक्रमावासींना इथले भिल्ल लुटतात, त्यांना ‘मामा’ म्हणायचे, लंगोटीवर पुढे जायचे, अशा कथा जुन्या पिढीकडून ऐकायला मिळतात. आज त्याच पाड्यांवर भाकरी आणि रात्रीचा आसरा मिळतो. दोन दिवसांच्या सुटीत मात्र हा टप्पा बसत नाही : मध्येच सोडून परत यायला वाहन मिळेल याची खात्री नाही, आणि पुन्हा त्याच पाड्यावर पोहोचण्यात एक दिवस मोडतो. चातुर्मास संपल्यावर सलग रजा टाकून तो एका दमात करणे हाच शहाणपणाचा मार्ग. जे टाळतात आणि जीपने थेट गोऱ्याला उतरतात, त्यांच्या चालण्याला पदयात्रा म्हणावे, परिक्रमा नव्हे.

गुजरातेतले टप्पे इंदूरपेक्षा बडोद्याच्या मराठी लोकांना सोपे. गरुडेश्वर, चांदोद, नारेश्वर त्यांच्या हाकेवर आहेत. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी (१९१४) असल्याने दत्तसंप्रदायी मराठी माणसाचा ओढा तिकडे मोठा आहे. चैत्रात तिलकवाडा-रामपुरा भागात होणारी उत्तरवाहिनी परिक्रमा एका दिवसाची असते. तिला मोठी गर्दी होते, पण ती वेगळी प्रथा आहे. मुखाशी दक्षिण तीरावरून नावेने मिठी तलाईला जावे लागते. नाव भरतीच्या वेळा आणि माणसांची संख्या पाहून सुटते, सोमवारची हजेरी पाहून नव्हे.

उत्तर तीराने परतताना निमाड पुन्हा घराजवळ येतो : धरमपुरी, खलघाट, महेश्वर, मंडलेश्वर, आणि मग जलूद. येथून उपसलेले पाणी विंध्य चढवून १९७८पासून इंदूरला पुरवले जाते, तेव्हा इंदूरकराचे नर्मदास्नान तसे रोजच नळाखाली होते. या टप्प्यांसाठी पूर्वी महू-पातालपाणी-कालाकुंड-बडवाह ही मीटरगेज गाडी फार सोयीची होती. कालाकुंडच्या फलाटावर पानात मिळणारा कलाकंद खात घाट उतरायचा, हा प्रवासच निम्मे समाधान देई. ती ओंकारेश्वर रोडपर्यंतची सेवा २०२३ मध्ये बंद झाली. ओंकारेश्वरच्या पुढे लक्कडकोटची झाडी आणि मग नेमावर. ते नर्मदेचे नाभिस्थान मानले जाते आणि इंदूरहून शनिवार-रविवारी गाठता येणारा हा पूर्वेकडचा शेवटचा सोपा पल्ला.

त्यापलीकडे रजा लागते. इंदूर-बिलासपूर नर्मदा एक्सप्रेस येथे कामी येते. नर्मदापुरम, पिपरिया, नरसिंहपूर, जबलपूर आणि अमरकंटकसाठी पेंड्रा रोड, अशी बहुतेक सोयीची स्थानके तिच्या वाटेवर आहेत. बुधनीच्या पुढे ती नर्मदा ओलांडते, पण त्याचा हिशेब वर सांगितलाच.

खंड परिक्रमेवरचा खरा आक्षेप शास्त्राचा नसून वागणुकीचा आहे. वाटेवरची गावे ‘नर्मदे हर, कितनी मूर्ती?’ (किती जण आहात?) एवढेच विचारून चहा देतात, सदावर्तातून डाळ-पीठ देतात. ही सोय ज्याच्याजवळ काही नाही त्याच्यासाठी उभी राहिली. दहा जणांनी जेवून, पत्रावळी तिथेच टाकून, गाडी बोलावून निघून जाणे आश्रमचालकांना खुपते. पुष्कळ गट आता शिधा सोबत नेतात किंवा तेवढ्या किमतीचे धान्य ठेवून येतात. दुसरी काळजी पाण्याची. धरणांतून सोडलेले पाणी कोरड्या खडकांवर बघताबघता चढते. एप्रिल २००५ मध्ये धाराजी येथे वरच्या धरणातून आलेल्या पाण्यात अनेक भाविक वाहून गेले. म्हणून पात्रातल्या खडकांवर मुक्काम करू नये, हे गावकरी सांगतात ते ऐकावे.

शेवटचा टप्पा दक्षिण तीराने हंडिया, मग इंदिरा सागरच्या सुमारे ९०० चौ. कि.मी. जलाशयाला वळसा घालून पुनासा आणि ओंकारेश्वर. बेटावर जाऊन कुपीतले पाणी वाहतात, कन्यापूजन करतात आणि कढई करतात, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद वाटतात. त्या दिवशी इंदूरहून सगेसोयरे गाड्या भरून येतात, आणि बडवानीला गळालेलेही कढईला मात्र वेळेवर हजर असतात.