अँडरसन, अलेक्झांडर

अँडरसन, अलेक्झांडर : (२१ एप्रिल १७७५ – १७ जानेवारी १८७०). अमेरिकेतील पहिला नामवंत काष्ठकोरक (छपाईसाठी लाकडावर चित्रे कोरणारा). जन्म न्यूयॉर्कचा, वडील मुद्रक. कोरीवकाम त्याला कुणी शिकवले नाही. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याने तांब्याची नाणी एका कारागिराकडून लाटून त्यांचे पत्रे करून घेतले आणि खिशातला चाकू घासून त्याची कोरणी बनवली.

घरच्यांना मात्र मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता. १७९५ मध्ये पीतज्वराच्या साथीत त्याने बेलव्ह्यू रुग्णालयात रोगी सांभाळले आणि पुढच्या वर्षी कोलंबिया कॉलेजची वैद्यक पदवी मिळवली. १७९८ च्या साथीने घरच रिकामे केले : बायको, आईवडील, भाऊ गेले. तान्हे मूलही त्याच वर्षी दगावले. त्यानंतर त्याने वैद्यकी सोडली आणि कोरणीच हाती धरली.

आधी तो छापखान्यातल्या खिळ्यांच्या (छपाईच्या सुट्या अक्षरांच्या) धातूवर चित्रे कोरी. इंग्लंडचा काष्ठकोरक टॉमस ब्यूइक याचे ठसे पाहून तो बॉक्सवूड या कठीण लाकडाकडे वळला. या पद्धतीत फळीची लांबट बाजू घेत नाहीत. खोड आडवे कापून त्याच्या तोंडावर काम करतात. तिथे तंतू उभे असल्याने कोरणी कुठल्याही दिशेला फिरते, लाकूड फाटत नाही. कोरलेली रेघ कागदावर पांढरी राहते, उरलेला उंच भाग शाई घेतो. शिवाय ठसा खिळ्यांच्या उंचीचा असल्याने मजकुराबरोबर एकाच दाबात छापता येतो. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चित्रे वेगळ्या यंत्रावर छापावी लागत. म्हणूनच स्वस्त सचित्र पुस्तकांना लाकूड सोयीचे पडले.

१८०४ मध्ये ब्यूइकच्या चतुष्पाद प्राण्यांवरील ग्रंथाची न्यूयॉर्क आवृत्ती अँडरसनच्या ठशांनिशी निघाली. ही कामे उघड नकला होत्या, आणि त्यात त्याला कमीपणा वाटल्याचे दिसत नाही. ब्यूइकला तो गुरू मानत असे. रेषेचे मार्दव मूळ चित्रांइतके नाही, पण जनावरांच्या अंगावरचे केस त्याने मन लावून कोरले आहेत. कोशकार नोआ वेबस्टरचे स्पेलिंगचे पुस्तक, मुलांच्या गोष्टी, धार्मिक पत्रिका, जे काम येई ते तो करी. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांत मुलगी ॲना हीदेखील होती. म्हातारपणीही कोरणी सुटली नाही. जर्सी सिटी येथे तो मरण पावला तेव्हा त्याचे वय ९४ होते.