कॅसेटमधला लाल शालू का ओघळतो?

गेल्या गणपतीत भाचीने आरतीचा व्हिडिओ काढला, त्यावर 'नाइन्टीज' नावाचा फिल्टर चढवला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. चित्रभर आडव्या काळ्या रेघा, मधूनच थरथर, आकृत्यांच्या कडांना निळा-लाल रंग सुटलेला आणि कोपऱ्यात लाल ठिपक्याशेजारी लुकलुकणारी 'आर-ई-सी' ही अक्षरं. मावश्या गहिवरल्या. 'अगदी आपल्या वेळचं!' खवट प्रतिक्रिया एकट्या माझीच, कारण ती तीन अक्षरं कॅसेटवर कधी उमटतच नसत. ती फक्त कॅमेरा धरणाऱ्याला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसायची, आणि तिथलं चित्रही बहुधा कृष्णधवलच असायचं. तारीख मात्र उमटायची, तेवढं खरं.

फिल्टरवाल्यांना माफ करता येईल, पण त्या निमित्ताने एक गमतीची गोष्ट पुढे येते. आज 'नव्वदचं रूप' म्हणून जे आपण झटकन ओळखतो, त्यातलं बरंचसं तेव्हा आपल्याला दिसत नव्हतं. ते नंतर चित्रात शिरलं. आणि जे खरोखर तेव्हाचं आहे, तो निकृष्टपणा नसून विलक्षण हुशार तडजोडीचा मागे राहिलेला डाग आहे.

मानसशास्त्र आधी उरकतो. आयुष्यातल्या आठवणी सांगा म्हटलं, तर चाळिशी ओलांडलेल्यांच्या आठवणींत दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणींचा भरणा सर्वाधिक असतो. हॉलब्रुक आणि शिंडलर या अमेरिकी संशोधकांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना निरनिराळ्या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली. जी गाणी गाजली तेव्हा ऐकणारा साडेतेवीस वर्षांच्या आसपास होता, ती त्याला सर्वांत जास्त आवडली. म्हणजे ज्याची जी विशी, तोच त्याचा सुवर्णकाळ. 'तेव्हाची माणसं विचारी होती' असं कुणी म्हटलं की मला २१ सप्टेंबर १९९५ आठवतो. त्या दिवशी देशभर गणपती दूध 'प्यायला' आणि चांगली शिकलेली माणसं चमचे घेऊन देवळांपुढे रांगेत उभी राहिली. पृष्ठताणामुळे चमच्याच्या काठावरचं दूध मूर्तीला धरतं आणि पातळ थर होऊन खाली उतरतं, हे शाळेतलंच विज्ञान. ते त्या दिवशी कुणाला आठवलं नाही. दशक तेच.

शिवाय आठवणींनी भाचीचं कोडं सुटत नाही. तिचा जन्म २००५ चा. तिच्यासाठी तो ओघळलेला रंग म्हणजे एका काळाचा शिक्का आहे, आणि हा शिक्का आला यंत्रातून. तेव्हा यंत्राकडे वळू.

पहिला फरक फिल्म आणि व्हिडिओचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'करण अर्जुन' आणि जानेवारी २०२५ मध्ये 'सत्या' पुन्हा थिएटरात लागले. मुंबईच्या मराठा मंदिरात तर 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' ऑक्टोबर १९९५ पासून ठाण मांडून आहे. हे चित्रपट ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झालेले. निगेटिव्ह शाबूत असेल, तर त्यात तेव्हाच्या कुठल्याही टीव्हीने दाखवला त्याहून कितीतरी जास्त तपशील असतो आणि नव्या स्कॅनरने तो बाहेर काढता येतो. अमेरिकेतल्या बऱ्याच मालिकाही फिल्मवरच चित्रित होत. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'चं चित्रण फिल्मवर झालं, पण संकलन आणि सगळे स्पेशल इफेक्ट व्हिडिओ टेपवर. त्यामुळे २०१२ पासून ती हाय डेफिनिशनमध्ये आणताना मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून प्रत्येक भाग नव्याने जुळवावा लागला. तिच्यानंतरच्या 'डीप स्पेस नाइन'च्या वाट्याला ते भाग्य आलेलं नाही. आपल्या दूरदर्शनच्या मालिका बहुतेक थेट टेपवरच. तिथे मागे निगेटिव्ह नाही. टेपवर आहे तेवढंच आहे.

आणि टेपवर किती असतं? इथून थोडं सावकाश वाचा, कारण माझा सगळ्यात आवडता भाग आता येतोय.

आपल्याकडचा तेव्हाचा टीव्ही 'पाल' या रंगीत प्रक्षेपण पद्धतीचा. चित्राच्या ६२५ ओळी, त्यातल्या प्रत्यक्ष चित्राच्या ५७६. एक ओळ डावीकडून उजवीकडे रंगवायला ५२ मायक्रोसेकंद. उजेड-अंधाराची माहिती एका संदेशात आणि रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४४.३ लाख आवर्तनांच्या, एका उपवाहक लहरीवर स्वार झालेली. त्या लहरीची कला, म्हणजे तिचं चक्र कुठल्या टप्प्यावर आहे, ते सांगतं रंग कोणता. तिची उंची सांगते तो किती गडद. आपल्या डोळ्याला उजेडातले बारकावे दिसतात तितके रंगातले दिसत नाहीत, म्हणून रंगाला कमी जागा दिली तरी चालतं. हा शहाणपणा प्रक्षेपणात आधीपासूनच होता. कॅसेटने तो टोकाला नेला.

जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस कॅसेट आणली. तिची फीत अर्धा इंच रुंद आणि आपल्या पद्धतीत सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकणारी. आता गणित करा. व्हिडिओसाठी फितीवर ४.८ मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी लिहायच्या. सेकंदाला २.३४ सेंटिमीटर या वेगाने लिहायला गेलो तर एका लहरीच्या वाट्याला पाच नॅनोमीटरदेखील येत नाहीत. फितीवरचे चुंबकीय कणच त्याच्या कितीतरी पट मोठे! फीत जोरात पळवावी तर तीन तासांच्या सिनेमाला कित्येक किलोमीटर लागणार. यावरचा तोडगा असा की फीत सावकाश जाऊ द्यायची आणि हेड, म्हणजे फितीवर लिहिणारं-वाचणारं चुंबकीय टोक, पळवायचं. ६२ मिलिमीटर व्यासाचा एक तिरका दंडगोल, त्यावर समोरासमोर दोन हेड, मिनिटाला १५०० फेरे. फितीच्या तुलनेत हेडचा वेग होतो सेकंदाला जवळजवळ ४.८५ मीटर आणि लहरीला मिळतो एक मायक्रोमीटर. तेवढं पुरतं. प्रत्येक हेड फितीवर सुमारे पावणेदहा सेंटिमीटर लांबीची, केसाहून बारीक तिरकी पट्टी ओढतं आणि अशा एका पट्टीत पन्नासांश सेकंदाचं चित्र मावतं.

उजेडाचा संदेश तीन मेगाहर्ट्झपर्यंत कापून असा बसवला, पण रंगाचं काय? ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन सुमारे ०.२३ मायक्रोसेकंदाचं. फीत ताणली, थरथरली आणि वेळेत पाव आवर्तनाची चूक झाली की रंगचक्रात ९० अंशांचा फरक पडणार. लहान चुका सावरायला 'पाल'मध्ये ओळीआड कला उलटवण्याची सोय आहे, पण फितीचा डळमळीतपणा तिच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून रंगाची लहर खाली उतरवली, थेट ६२७ किलोहर्ट्झवर, आणि उजेडाच्या लहरींच्या खालच्या, वारंवारतांच्या मोकळ्या पट्ट्यात लिहिली. वाचताना व्हीसीआर तिला पुन्हा वर चढवतो आणि त्यासाठी वापरतो ती लहर मुद्दाम फितीच्याच थरथरीला जोडलेली असते. एक थरथर दुसरीतून वजा. मला हे दर वेळी टाळ्या वाजवण्यासारखं वाटतं.

किंमत मोजावी लागली ती जागेत. त्या खालच्या पट्ट्यात रंगाला जेमतेम अर्धा मेगाहर्ट्झ मिळतो. ५२ मायक्रोसेकंदांच्या एका ओळीत उजेड सुमारे ३०० वेळा बदलू शकतो, रंग मात्र सुमारे ५० वेळा. संपूर्ण रुंदीत ५०! नवरीचा लाल शालू जिथे संपतो तिथे लाल रंग लगेच थांबू शकत नाही. तो शेजारच्या भिंतीवर थोडा वाहत जातो. लालची दैना हिरव्यापेक्षा जास्त, कारण उजेडाच्या संदेशात लालचा वाटा फक्त ३० टक्के, हिरव्याचा ५९. पांढऱ्या सदऱ्याची कड उजेडाचा संदेश सांभाळून घेतो. तितक्याच उजेडाच्या हिरवळीवर लाल शालू असेल, तर ती कड सांभाळायला रंगाशिवाय कुणी नसतं.

आणखी एक करामत आहे. फितीवरच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून असतात, मध्ये रिकामी जागा नाही. दोन हेडच्या, जिथून लिहिलं-वाचलं जातं त्या बारीक फटी एकमेकींच्या उलट बाजूंना सहा-सहा अंश तिरक्या ठेवल्या की उच्च वारंवारतेचा शेजारच्या पट्टीतला संदेश आपोआप पुसट होतो. रंगाची वारंवारता कमी, तिथे ही युक्ती लंगडी पडते. मग काय केलं? एक हेड रंगाची कला दर ओळीला पाव फेरा फिरवून लिहितं, दुसरं न फिरवता. वाचताना तो फिरवलेला भाग सरळ केला की आपला रंग जागेवर येतो, पण शेजारून घुसलेला रंग दर ओळीला पाव फेरा भरकटतो. दोन ओळींनंतर तो अर्धा फेरा, म्हणजे नेमका उलटा. आताची ओळ आणि दोन ओळी आधीची ओळ यांची बेरीज केली की घुसखोर शून्य! फक्त या बेरजेत आपला रंगही आधीच्या ओळीचा मिसळतो आणि चित्रात किंचित खाली सरकतो. एका कॉपीत कळत नाही. कॉपीची कॉपी, तिची कॉपी असं होत गेलं की स्वस्त छपाईच्या देवाच्या फोटोत जसा ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरलेला असतो, तसं होतं. गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीतून आलेली कॅसेट कितव्या पिढीची हे नुसत्या लिपस्टिकवरून सांगता येत असे.

आता जे तेव्हा दिसतच नव्हतं त्याकडे. जुन्या कॅसेटवरून ऑनलाइन चढवलेल्या व्हिडिओत तळाशी एक वाकडी, थरथरणारी पट्टी दिसते. एका हेडकडून दुसऱ्याकडे जाताना होणारा तो सांधा. घरच्या टीव्हीची काच चित्राच्या कडा थोड्या झाकूनच दाखवायची, त्यामुळे ती पट्टी चौकटीआड राहायची. फिल्टरमध्ये ती आज मानाने मिरवते. काळ्या रेघांचंही तसंच. १४ किंवा २० इंची टीव्हीवर आठ फुटांवरून ओळी वेगळ्या दिसत नव्हत्या. पडद्यामागचा इलेक्ट्रॉनचा झोतच किंचित पसरट असायचा.

सगळ्यात मोठी तफावत हालचालीची. त्या टीव्हीवर आधी विषम ओळी, मग पन्नासांश सेकंदाने सम ओळी उमटत, आणि व्हिडिओ कॅमेराही तसंच टिपत असे. म्हणजे मालिकेतली नायिका दारातून आत येताना तिचे सेकंदाला ५० वेगवेगळे क्षण आपण पाहत होतो. फिल्मचे फक्त २४. मालिकेची हालचाल सिनेमापेक्षा तुकतुकीत वाटायची ती यामुळे. आज तीच मालिका चढवताना बहुतेक वेळा दोन क्षण एकात कोंबून २५ केले जातात. हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात, किंवा ते टाळायला निम्म्या ओळी फेकून दिलेल्या असतात. मग आपण म्हणतो, काय बाई तेव्हाचं चित्र! अहो, तेव्हाचं चित्र याहून चांगलं होतं.

त्यात आता 'एआयने फोर-के केलेली' जुनी गाणी आणि मालिका. व्हीएचएस कॅसेटवर उजेडाच्या संदेशात तीन मेगाहर्ट्झच्या पुढचं काही लिहिलेलंच नाही, तर ते आणणार कुठून? सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. हजारो चेहऱ्यांवरून शिकून ते नायकाच्या गालावर त्वचेची छिद्रं रंगवतं आणि मागच्या गर्दीतल्या माणसांना मेणाचे चेहरे देतं. अंदाज देखणा असेल, पण त्याला 'मूळ गुणवत्तेत' म्हणून विकणं ही शुद्ध थाप आहे. चौकोनी चित्र ताणून किंवा वरखाली कापून रुंद करणं हा त्याचाच धाकटा भाऊ. 'साइनफेल्ड' ही मालिका २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर रुंद चौकटीत आली, तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावर बेतलेल्या भागात खड्डाच चौकटीबाहेर गेला होता.

घरात लग्नाची, मुंजीची कॅसेट असेल, तर एवढं करा. फुनाई या शेवटच्या उरलेल्या जपानी कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. नवं यंत्र आता मिळायचं नाही, दुरुस्त करणारेही कमी होत चाललेत, तेव्हा फार लांबवू नका. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसते का ते पाहा. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत ती हमखास येते. दिसली तर ती कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. आधी स्वच्छ करून घ्या. कॉपी करून देणाऱ्याला सांगा, ७२० बाय ५७६, चार-तीनची चौकट, विषम-सम ओळी जशाच्या तशा, आणि रंग 'सुधारू' नकोस. तो म्हणेल, डीव्हीडीवर देतो, कोपऱ्यात छान टायटल टाकून. टायटल नको म्हणा, फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि मूळ कॅसेट परत मागायला विसरू नका.