शिकारी पाणकिडे घरी पाळणं (बेळगाव-खानापूर भाग)

डबकी, तळी, भातशेतं यातले दुसऱ्या जिवांना मारून खाणारे किडे काचेच्या टाकीत ठेवायचे, त्यांना जिवंत खाणं द्यायचं आणि त्यांची शिकार, कात टाकणं, पिल्लं सांभाळणं हे जवळून बघायचं, याला शिकारी पाणकिडे पाळणं म्हणतात. मासे पाळण्यापेक्षा हे काम वेगळं आहे, कारण यातले बरेचसे किडे पाण्यात राहतात पण श्वास मात्र वरच्या हवेतला घेतात, आणि त्यांच्यापुढे दाणे टाकून भागत नाही, समोर काहीतरी हलायला लागतं. या दोन गोष्टी ज्याला कळल्या त्याचे किडे जगतात.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यात भाताची धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या जमिनीत) होते, मग पावसाळ्यात शेतात पाणी साठलं की जुलै-ऑगस्टमध्ये वाफ्यांत, बांधाकडेच्या चरीत हे किडे सापडतात. येळ्ळूर, कडोली साइडची भातशेतं असोत की मलप्रभेकाठची डबकी, साधी चहाची मोठी गाळणी गवताच्या बुडाशी फिरवली तरी एखादा हाती लागतो. पावसाळी रात्री मोठे पाणढेकूण उडत दिव्याखाली येऊन पडतात तेही उचलता येतात, पण बोटांनी नको, चावा भयंकर दुखतो, वाटी किंवा जाळी वापरावी. नुकतंच औषध मारलेल्या शेतातून काही आणू नये. भीमगड अभयारण्यातून तर कधीच नाही, तिथला जीव उचलणं कायद्यानं बंद आहे.

पाळायला सगळ्यात सोपा म्हणजे छोटा पाणढेकूण (डिप्लोनिकस), दोनेक सेंटीमीटरचा, चपटा, तपकिरी. यातली मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि पुढचं सगळं नर बघतो, पाठ पाण्याबाहेर काढून अंड्यांना हवा देतो, ती बुरशीपासून जपतो, आणि हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळतं म्हणून माझ्या मते नवीन माणसानं यापासूनच सुरुवात करावी. अंड्यांचा थर पाठीवरून काढायचा नाही, सुटलेली अंडी सहसा फुटत नाहीत. मोठा पाणढेकूण (लेथोसेरस) सहा ते आठ सेंटीमीटर होतो, त्याला एकट्याला टाकी लागते. पाणविंचू दोन तऱ्हेचे, एक पानासारखा चपटा जो उथळ चिखलात पडून राहतो, दुसरा काडीसारखा लांब (रानात्रा) जो डोकं खाली करून रोपाला लटकतो. दोघांच्या शेपटाला लांब नळी असते, तो डंख नव्हे, ती श्वासाची नळी, टोक पाण्याच्या वर काढून हवा घ्यायची.

म्हणूनच टाकीत पाणी कमी हवं. पाणविंचवाला त्याची नळी पोचेल एवढंच, म्हणजे पाच-सात सेंटीमीटर, आणि पृष्ठभागापर्यंत येणारी काडी, दगड किंवा हायड्रिला ही पाणवनस्पती. गुळगुळीत काचेत पकडायला काही नसलं की तो वर-खाली पोहून दमतो आणि बुडूनसुद्धा मरतो. जोराचा फिल्टर नको, साधा स्पंज फिल्टर चालतो. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग घालावं, क्लोरीन उडून जातं. वर घट्ट जाळी पाहिजेच, पाणभुंगे आणि उलटे पोहणारे पाठपोहे रात्री उडून जातात. बेळगावच्या हवेत हीटर लागत नाही, थंडीत खाणं कमी होतं एवढंच. आणि एक कळकळीनं सांगतो, त्या खोलीत डासांची कॉइल किंवा लिक्विड मशीन लावू नका, त्यातलं औषध किड्यांसाठीच असतं आणि ते पाण्यात उतरलं की आपला पाणविंचू पण किडाच आहे, सकाळी मेलेला सापडतो.

खाण्याचं म्हणाल तर डासांच्या अळ्या हे मुख्य अन्न. बादलीत पाणी आणि थोडा पालापाचोळा ठेवला की आठवड्यात अळ्या मिळतात, पण अळ्या दिसल्या की बादलीवर जाळी बांधायची आणि स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसले की ते पाणी लगेच जमिनीवर ओतायचं, नाहीतर घरात आणि शेजाऱ्यांकडे डास वाढवल्यासारखं होईल. मोठ्या किड्यांना झुरळ नको, त्याला औषध लागलेलं असू शकतं, त्यापेक्षा नाकतोडा किंवा गप्पी मासा बरा. बेडकाची पिल्लं देऊ नयेत, खानापूरच्या जंगलभागात दुर्मिळ बेडूक आहेत आणि पिल्लावरून जात ओळखणं अवघड. ढेकूण आणि विंचू पुढच्या पायांनी भक्ष्य धरतात, सोंड खुपसून आत लाळ सोडतात, त्या लाळेनं मांस विरघळतं आणि ते शोषून घेतात, हे अर्धा-एक तास चालतं तेव्हा टाकी हलवू नये. मागे राहिलेलं रिकामं टरफल त्याच दिवशी काढावं, पाणी सडतं. मोठ्या किड्याला दोन-तीन दिवसांनी एक शिकार पुरते. मेलेलं खाणं द्यायचंच असेल तर चिमट्यात धरून समोर हलवावं. पाणभुंगा (सिबिस्टर) मात्र माशाचा तुकडाही खातो, पण त्याची अळी जिवंतच मागते.

एका टाकीत दोन शिकारी ठेवले की बहुतेकदा शेवटी एकच राहतो, पिल्लं तर एकमेकांनाच खातात, म्हणून जन्मल्याबरोबर वेगवेगळ्या कपांत काढावीत.

चतुराचं पिल्लू हे वेगळं प्रकरण. ते पाण्यातच श्वास घेतं, मागच्या टोकातून पाणी आत ओढून, आणि तेच पाणी जोरात सोडून पुढे उसळतं. खालचा ओठ घडी करून तोंडाखाली ठेवलेला असतो, तो क्षणात पुढे फेकून ते अळी ओढतं, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. मोठं झालेलं पिल्लू खाणं सोडतं आणि काठाशी येऊन बसतं तेव्हा घाबरू नये, पाण्याबाहेर हातभर वर जाणारी खडबडीत काडी आधीच लावलेली असावी. रात्री नाहीतर पहाटे ते तिच्यावर चढतं, पाठ उकलते आणि चुरगळलेल्या पंखांचा चतुर बाहेर येतो. पंख ताठ व्हायला काही तास लागतात, तोवर हात लावायचा नाही, ऊन आलं की जाळी उघडायची.