जुन्या घरगुती संगणकांतील बीप

बीप : संगणक सुरू झाल्यावर, चूक झाल्यावर किंवा प्रोग्रॅमने सांगितल्यावर यंत्र काढते तो ठरावीक, छोटा सूर. स्पीकरवरचा विद्युतदाब चढवला की त्याचा पडदा एका बाजूला सरकतो, उतरवला की परत येतो. दर खेपेला नुसते ‘टक्’ ऐकू येते. ही चढउतार सेकंदाला काहीशे वेळा होऊ लागली की टकटक विरून सूर लागतो. म्हणजे बीप काढणे हे मुळात वेळ मोजण्याचे काम. १९७७ नंतरच्या दशकभरात घरांत आणि शाळांत शिरलेल्या यंत्रांमध्ये ही मोजणी कोणी प्रोसेसरवर टाकली, कोणी टायमरवर, तर कोणी स्वतंत्र ध्वनिचिपवर, आणि बराचसा फरक त्यातूनच पडला.

बीपची परंपरा टेलिप्रिंटरची आहे. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की संकेतावलीत ७ हा क्रमांक घंटेचा. टेलिटाइप मॉडेल ३३ ला हा संकेत मिळाला की आतली धातूची घंटा खरोखर वाजे. ॲपल २ (१९७७) वर कंट्रोल आणि जी एकत्र दाबले की हाच संकेत जातो, फक्त घंटेच्या जागी छोटा स्पीकर असतो.

ॲपल २ ची रचना काटकसरीचा उत्तम नमुना आहे. स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी ध्वनीसाठी ४९२०० हा एकच स्मृतिपत्ता राखला. तिथे काय लिहिले वा वाचले याला महत्त्व नाही. पत्त्याला नुसता स्पर्श झाला की टिकटिक पेनाच्या बटणासारखी स्पीकरची अवस्था उलटते. बेसिक या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेत पीक आज्ञेने तो पत्ता वाचला की एक ‘टक्’ येते. (इंटिजर बेसिकला ३२७६७ पुढची संख्या चालत नसल्याने हाच पत्ता −१६३३६ असा लिहावा लागे.) रॉममधला (यंत्राच्या कायमस्वरूपी स्मृतीतला) घंटेचा उपप्रोग्रॅम ही अवस्था १९२ वेळा उलटवतो. दोन उलटींमध्ये प्रोसेसर एका रिकाम्या आवर्तनात फिरत राहतो. त्यात घड्याळाचे सुमारे ५४६ ठोके जातात. घड्याळ सेकंदाला साधारण १० लाख २० हजार ठोक्यांचे, म्हणून दर उलटीला अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. रॉमच्या छापील सूचीतली टीप एक किलोहर्ट्झ आणि दशांश सेकंद सांगते. हिशेब केला तर सूर ९३५ हर्ट्झच्या आसपास भरतो. कोणाच्या कानाला ते खटकले नाही, कारण घंटेला सुरात असण्याची सक्ती नव्हती.

ब्रिटनच्या झेडएक्स स्पेक्ट्रमने (१९८२) हीच युक्ती पुढे नेली आणि तिची किंमतही उघड केली. २५४ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवलेल्या बाइटमधले खालचे तीन बिट (० किंवा १ चे अंक) पडद्याच्या कडेचा रंग ठरवतात, पुढचा बिट कॅसेटकडे जातो आणि त्यानंतरचा स्पीकरकडे. त्यामुळे सूर काढताना रंगाचे बिटही सांभाळावे लागतात, नाहीतर कडेचा रंग बदलून जातो. बेसिकमधली ‘बीप १, ०’ ही आज्ञा म्हणजे एक सेकंद मध्य सी, सुमारे २६१.६ हर्ट्झ. सेकंदाला ३५ लाख ठोक्यांच्या झेड८० या प्रोसेसरला त्यासाठी दर अर्ध्या लहरीमागे जवळपास ६६९० ठोके मोजावे लागतात, आणि मोजताना दुसरे काही करता येत नाही. इंटरप्ट (मध्येच लक्ष वेधणारे संकेत) बंद, कळफलक बंद, पडद्यावरचे चित्र जिथल्या तिथे. बीपची कमाल मुदत दहा सेकंद. तेवढा वेळ यंत्र बहिरे. शिवाय १६३८४ ते ३२७६७ या पत्त्यांतली स्मृती चित्र काढणारी युएलए चिपही वापरते आणि तिथे प्रोसेसरला मध्येच थांबवते. मोजणीचा कोड या भागात ठेवला तर सूर खरखरतो. म्हणून संगीत वाजवणारे प्रोग्रॅमर आपला कोड ३२७६८ च्या पुढे ठेवत आणि एकाच बिटातून दोन-तीन स्वर एकदम भासवत. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये स्पेक्ट्रम प्लस परवान्याने बाजारात आणला.

आयबीएम पीसीने (१९८१) मोजणीचे काम इंटेल ८२५३ या टायमरकडे दिले. त्याला सेकंदाला ११,९३,१८२ ठोके मिळतात. त्यांना कितीने भागायचे तो आकडा दिला की सूर आपोआप चालू राहतो. यंत्र सुरू करणाऱ्या बायोस प्रोग्रॅमचा बीप १३३१ ने भागतो, म्हणजे सुमारे ८९६ हर्ट्झ. पीसीवरच्या जीडब्ल्यू-बेसिकची बीप आज्ञा ८०० हर्ट्झचा सूर पाव सेकंद देते. प्रोसेसर मोकळा राहतो हा मोठाच फायदा; पण सूर चालू ठेवणारा बिट बंद करण्याआधीच प्रोग्रॅम अडकला, तर पीसी पुन्हा सुरू करेपर्यंत किंचाळत राहतो. स्पेक्ट्रमची तऱ्हा याच्या नेमकी उलट.

बीबीसी मायक्रोमध्ये (१९८१) टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एसएन७६४८९ ही ध्वनिचिप होती. भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पासाठी हीच यंत्रे निवडली गेली. या यंत्राचा सुरुवातीचा आवाज दुहेरी आहे: आधी खालच्या पट्टीतला जाडसर सूर, मग उंच बीप. यातला दुसराच मुद्दाम केलेला. पहिला म्हणजे वीज मिळताच चिप आपणहून काढते तो आवाज. कार्यप्रणाली जागी होऊन तिला गप्प करेपर्यंत तो चालतो. घंटेचा सूर, जोर आणि लांबी या यंत्रावर साध्या आज्ञांनी बदलता येत असे, जी चैन ॲपलवाल्यांना नव्हती.

कमोडोर ६४ ची (१९८२) गोष्ट गमतीची. त्यातली सिड ही ध्वनिचिप त्या काळच्या घरगुती यंत्रांत सरस मानली जाते, पण ७ हा संकेत छापला तर हे यंत्र हूं की चूं करत नाही. बेसिकमध्ये ध्वनीची एकही आज्ञा नसल्याने साध्या बीपसाठीही ओळीने पोक (स्मृतिपत्त्यावर आकडा लिहिणाऱ्या आज्ञा) लिहावे लागत. घंटा मिळाली ती पुढच्या कमोडोर १२८ वर.

आजच्या इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सर्वांत अवघड बीप एका बिटाचेच ठरतात. स्पेक्ट्रमच्या स्पीकरची अवस्था कधी बदलली ते सेकंदाच्या पस्तीस लाखाव्या भागापर्यंत नेमके मोजावे लागते. आधुनिक ध्वनिकार्ड मात्र सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुनेच घेते. मधले बदल नुसते गाळले तर मूळ यंत्रात नसलेले भलतेच सूर घुसतात. म्हणून चांगले इम्युलेटर दोन नमुन्यांमधल्या काळात स्पीकर किती वेळ चढत्या अवस्थेत होता त्याची सरासरी काढतात किंवा त्याहून काटेकोर गाळणी वापरतात.