माओरी कामगार संघटन

माओरी कामगार संघटन : न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांनी, म्हणजे माओरींनी, तेथील कामगार चळवळीत राहून उभारलेली संघटनात्मक कृती. तिची भूमिहक्काच्या लढ्यापासून फारकत करता येत नाही; माणसे बहुधा तीच असत.

उगमाबद्दल मतभेद आहेत. सॅम्युअल पार्नेल या सुताराने १८४० मध्ये दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त काम करणार नाही अशी अट घातली, तेथून न्यूझीलंडच्या कामगार चळवळीचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. परंतु देशाच्या उत्तर टोकाकडील फांगारोआ येथे लाकूडतोडीवरील माओरींनी १८२१ च्या सुमारास नुसत्या अन्नावर राबण्याचे नाकारून पैसे किंवा बंदुकीची दारू मागितली होती. इंग्लंडमध्ये असाच मोबदला मिळतो, असा दाखला त्यांनी दिल्याचे सांगतात. याला संप म्हणावे का? एका मते हा जमातीने केलेला व्यापारी सौदा होता : तो काळ माओरी जमातींच्या आपसांतील बंदूकयुद्धांचा, तेव्हा दारूला चलनाचेच मोल होते. दुसऱ्या मते हातातले काम मिळून थांबवणे आणि मोबदल्याचे स्वरूप बदलायला लावणे ही संपाचीच लक्षणे होत. मागणी पैशांची की दारूची, हा प्रश्न गौण. हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र त्यातून टिकाऊ संघटना निघाली नाही, म्हणून चळवळीचा आरंभ तेथे नेणे धाडसाचे ठरेल. शिवाय त्या काळची लेखी साधने युरोपीयांची आहेत, हेही ध्यानात ठेवावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनी हातच्या गेल्यावर माओरी हंगामी मजुरीकडे वळले. लोकर कातरणीच्या टोळीत अख्खे कुटुंब असे. कोणी मेंढ्या कातरी, कोणी कातरलेली लोकर उचलून निवडी, कोणी सर्वांचा स्वयंपाक पाही. एकेका सभासदाची वर्गणी घेणाऱ्या संघटनेच्या चौकटीत अशी टोळी सहजी बसणारी नव्हती. १९१३ मध्ये ऑकलंडच्या ‘इंडस्ट्रियल युनियनिस्ट’ या जहाल पत्रात पर्सी शॉर्ट यांनी माओरी कामगारांना उद्देशून त्यांच्याच भाषेत लेख लिहिले. असा प्रयत्न तेव्हा विरळाच.

१९४५ मध्ये सुमारे एक चतुर्थांश माओरी शहरांत राहत; १९८६ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास गेले. मांस गोठवण्याचे कारखाने, गोद्या, रेल्वे, कागद गिरण्या येथे त्यांचा भरणा झाला. १९३६ पासून सभासदत्व सक्तीचे असल्याने ते आपोआप संघटनेत आले. खात्यातला प्रतिनिधी माओरी असे, पण पूर्णवेळ पदाधिकारी क्वचितच. १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘न्गा तामातोआ’ या तरुणांच्या गटातील सिड जॅक्सन पुढे कारकुनांच्या संघटनेत पदाधिकारी झाले. तामा पोआटा यांनी कामगार चळवळ आणि माओरींच्या भूमिहक्कांसाठी निघालेली १९७५ ची भूमियात्रा या दोन्हींत काम केले. या सांध्याचे ठळक उदाहरण ऑकलंडमधील बॅस्टियन पॉइंटचे. १९७७-७८ मध्ये न्गाती फातुआ जमातीच्या लोकांनी तेथील जमिनीवर ठिय्या दिला, तेव्हा ऑकलंडच्या कामगार परिषदेने त्या जागेवर बांधकामाला हात लावू नये असा बहिष्कार पुकारला. २५ मे १९७८ रोजी पोलिसांनी आंदोलकांना हटवले.

माओरींची वेगळी समिती हवी की नको, यावर संघटनांत वाद होता. वेगळेपणाने एकजूट फुटते असे विरोधकांचे म्हणणे. व्यवहारात वेगळी समिती हवी म्हणणाऱ्यांची सरशी झाली. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती कामगार महासंघात (‘ते कउआए काइमाही’) माओरींसाठी रूनांगा, म्हणजे स्वतंत्र मंडळ, आहे आणि एक उपाध्यक्षपदही. शिक्षक, परिचारिका व सरकारी नोकर यांच्या संघटनांतही माओरींची अशी मंडळे आहेत. त्यांच्या मागण्यांत तांगिहांगाच्या, म्हणजे अंत्यविधीच्या, रजेचा विषय येतो : मृताजवळ माराएवर, म्हणजे जमातीच्या सभास्थानी, बहुधा तीन दिवस बसावे लागते, आणि नाते लांबचे असले तरी जाणे चुकत नाही.

१९८० च्या दशकातील कारखानेबंदीची झळ माओरींना अधिक बसली. १९९२ मध्ये त्यांच्यातील बेकारी सुमारे २५ टक्के होती. १९९१ च्या रोजगार करार कायद्याने संघटनांचे बळ आणखी खचले. २०१२ मधील ॲफ्को कंपनीच्या टाळेबंदीत मांस कामगारांच्या बाजूने जमातींचे पुढारी वाटाघाटीत उतरले आणि तोडगा निघाला.