थोरलेपण येतं कुठून?

मोठा भाऊ जबाबदार आणि हुकूम सोडणारा, धाकटा मोकळा आणि बंडखोर. जन्मक्रमच स्वभाव ठरवतो, अशी ही समजूत आहे आणि शास्त्रज्ञांनीही ती दीर्घकाळ जपली. १८७४ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी इंग्लंडमधल्या वैज्ञानिकांची पाहणी केली, तेव्हा त्यांत थोरले मुलगे प्रमाणाबाहेर जास्त निघाले. पुढे ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनी तर जन्मक्रमावर स्वभावाची उपपत्तीच मांडली.

२०१५ मधल्या दोन मोठ्या अभ्यासांनी ही समजूत पार खिळखिळी केली. एकात अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतले २०,००० हून अधिक लोक होते, दुसऱ्यात सुमारे ३,७७,००० अमेरिकी विद्यार्थी. जन्मक्रम आणि स्वभाव यांचा संबंध जवळजवळ शून्य भरला. मग घरोघरी वेगळं का दिसतं? कारण घरात आपण दहा वर्षांच्या मुलाची तुलना सहा वर्षांच्या मुलाशी करतो. जो फरक वयाचा असतो, तो आपण स्वभावाच्या खात्यावर मांडतो.

बुद्धिमापन चाचण्यांत मात्र थोरल्यांची किंचित आघाडी उरते. तिचं कारण शोधताना नॉर्वेत जे हाती लागलं, ते मला या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं. सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या २,४०,००० हून अधिक तरुणांच्या नोंदींवरचा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या आणि दुसऱ्या मुलांत सरासरी दोन-तीन गुणांचं अंतर होतं. (एवढ्यावरून कुठल्याही दोन भावांबद्दल काहीच सांगता येत नाही.) पण ज्यांचं मोठं भावंड तान्हेपणीच दगावलं होतं, अशा दुसऱ्या मुलांचे गुण पहिल्या मुलांच्या जवळ पोहोचले होते. गर्भाशयाच्या हिशेबाने ते दुसरेच. घरात मात्र थोरले म्हणून वाढलेले! म्हणजे फरक रक्तातला नव्हे, वाट्याला आलेल्या जागेचा. म्हणूनच ‘तू मोठा आहेस ना’ असं एखाद्या बुजऱ्या मुलाला ऐकवताना, आपण त्याला आठवण करून देत नसतो, नवीन भार देत असतो.

या जागेत नेमकं काय घडतं? रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की धाकट्याला समजावून सांगताना थोरल्याला आधी स्वतःच्या मनात गोष्ट नीट लावावी लागते. धाकटाही रिकाम्या हाती राहत नाही. दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते, हे लहान मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगतं. १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत, मोठी भावंडं असलेल्या मुलांना ते लवकर उमगल्याचं आढळलं. फक्त धाकटी भावंडं असलेल्यांना तसा फायदा दिसला नाही.